इंटरप्टचा संदेश लिहिताना

भावा, लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरसाठीचा तुझा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाहिला. इंटरप्ट, म्हणजे डिव्हाइसनं प्रोसेसरला दिलेली हाक, मिळवताना अडलं तर छापायच्या संदेशाबद्दल बोलतोय. काम चोख आहे, पण ‘आयआरक्यू एरर -२२’ (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची लाइन) वाचून लातूरच्या डाळमिलमध्ये कंट्रोलर बसवणाऱ्या पोरानं काय समजायचं? कोणतं डिव्हाइस, काय करताना अडलं आणि आता ते चालणार की बंद राहणार, एवढं त्या ओळीत यायलाच पाहिजे.

प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो त्या फंक्शनमध्ये, एरर छापायला ‘डेव्ह_एर_प्रोब’ वापर. डिव्हाइसचं नाव आपोआप लागतं, आकड्याऐवजी एररचं नाव छापलं जातं, आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करणार असेल तर संदेश डीबग पातळीवरच राहतो, म्हणजे एरवी दिसत नाही. माणूस उगाच घाबरत नाही. मात्र इंटरप्टचा नंबर मिळवून देणारं ‘प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू’ स्वतःच एरर छापतं, तिथं दुसरी ओळ नको.

‘नोबडी केअर्ड’ (कुणीच दखल घेतली नाही) हा कर्नलचा जुना संदेश बघ. १ लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच हाताळले नाहीत की कर्नल ती लाइन बंद करतो. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, मशीनच गेलं! तुझ्या ड्रायव्हरनं अशी धास्ती देऊ नये.

हँडलरमध्ये, म्हणजे प्रत्येक इंटरप्टला चालणाऱ्या फंक्शनमध्ये, छापण्याचा रेटलिमिटेड प्रकारच घे, म्हणजे ठरावीक वेळात मोजकेच संदेश छापणारा, नाहीतर लॉग तुंबतो. आणि संदेशाची ओळ लांबली तरी मध्येच तोडू नकोस, ग्रेपनं, म्हणजे मजकूर शोधायच्या कमांडनं, कोडमध्ये सापडली पाहिजे. दुरुस्त करून पाठव, मी लगेच बघतो.