पार्टनरचा फोन आधी उचल

भाऊ, अफिलिएट मॅनेजरचं, म्हणजे आपल्या मालाची लिंक देऊन कमिशनवर विक्री करून देणाऱ्या पार्टनरना सांभाळायचं काम मिळालं म्हणून लगेच सॉफ्टवेअर शिकत बसू नकोस, ते आठवडाभरात येतं. माणसं सांभाळायला शिक.

जळगावात केळी वेफर्सची ऑनलाइन विक्री बघायचो, तेव्हा अमळनेरच्या एक ताई रेसिपीच्या व्हिडिओखाली आमची लिंक द्यायच्या. ऑर्डरी भरपूर. एका महिन्यात त्यांचं कमिशन निम्म्यावर आलं. त्यांनी फोन केले, मी दोन दिवस उचलले नाहीत. कॅश ऑन डिलिव्हरीचे परत आलेले डबे वजा झाले होते, एवढंच. पण ते मी आधी सांगायला हवं होतं. त्या गेल्या त्या गेल्याच. अजून मनाला लागतं.

म्हणून पहिल्याच दिवशी सांग: कुकी, म्हणजे लिंकवर क्लिक केल्याची ब्राउझरमधली नोंद, किती वेळ चालते, रिटर्नची मुदत संपेपर्यंत कमिशन पेंडिंग का राहतं, टीडीएस कसा कापला जातो. महिन्यातून एकदा पार्टनरच्या लिंकवरून स्वतः ऑर्डर टाकून बघ, तुटलेलं ट्रॅकिंग, म्हणजे ऑर्डर कोणाच्या लिंकवरून आली याची नोंद, तिथेच सापडतं. सवलतीची कूपनं देणाऱ्या साइटवाल्या पार्टनरवर नजर ठेव. मेहनत दुसऱ्याची असते आणि शेवटच्या क्लिकवर कमिशन ते उचलतात. आणि व्हिडिओवर 'जाहिरात' असं ठळक लिहायला लावच, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे.