कृषी सल्ला : सेन्सर घेण्याआधी फोन कोणाचा वाजणार ते ठरवा

इंदूर जिल्ह्यातल्या आपल्या मराठी शेतकऱ्यांकडून आलेले तीन प्रश्न मोबाइलला जोडलेल्या सेन्सरबद्दलच आहेत. म्हणून तिघांना एकत्रच उत्तर देतो.

सांवेर भागातली शेतकरी उत्पादक कंपनी विचारते : आमची सामाईक कांदाचाळ आहे. गेल्या पावसाळ्यात ढीग वरून चांगला दिसत होता, आतून सडत गेला. सेन्सर बसवून उपयोग होईल का? किती लावावेत?

होईल. कंपनीचा पहिला पैसा चाळीवरच घाला, शेतातले सेन्सर नंतर घेता येतील. चाळीत अनेकांचा माल एका छपराखाली असतो आणि एक कप्पा बिघडला की शेजारचा बिघडायला वेळ लागत नाही. रब्बी कांदा साध्या चाळीत २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत चांगला टिकतो. आर्द्रता याच्या वर गेली की सड आणि काजळी वाढते, खाली गेली की कांदा सुकून वजन घटतं.

प्रत्येक कप्प्यात तापमान आणि आर्द्रता मोजणारा एक सेन्सर लावा, तोही भिंतीला टांगून नव्हे, ढिगाच्या पोटात, मधल्या उंचीवर. शिवाय एक बाहेर, सावलीत. हा बाहेरचा सेन्सर बहुतेक जण गाळतात आणि मग पंखा अंदाजाने चालतो. ‘बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पंखा बंद’ हा नियम सोपा वाटतो, पण तो चुकीचा आहे. समजा पावसाळी रात्री बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आहे, आणि ढीग ३० अंशांवर तापलाय. ती हवा ढिगात शिरून ३० अंशांपर्यंत गरम झाली की तिची आर्द्रता ६३ टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे ती कांदा वाळवते. आता दुपार घ्या : बाहेर ३२ अंश, ६० टक्के, आणि ढीग २६ अंशांवर. ही कोरडी वाटणारी हवा आत थंड होते आणि ८५ टक्क्यांवर जाते. कांद्याला घाम फुटतो तो अशा वेळी.

म्हणून बाहेरच्या हवेची आर्द्रता ढिगाच्या तापमानाला किती भरेल ते बघून पंखा चालवा. अनेक यंत्रं दवबिंदू (ज्या तापमानाला हवा थंड झाली की दव पडतं तो आकडा) दाखवतात, त्यावरून कंट्रोलरला, म्हणजे पंखा चालू-बंद करणाऱ्या यंत्राला, हा हिशोब करता येतो. विक्रेत्याला नेमकं हेच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर यंत्र घेऊ नका. वरच्या उदाहरणात ढीग २८ अंशांपर्यंत उतरला की तीच रात्रीची हवा ७० टक्क्यांच्या पुढे जाते. तिथे पंखा थांबवायचा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खरेदीचा ठराव करताना त्यातच लिहा की इशारा आला तर फोन कोणाला जाईल, तो उचलला नाही तर दुसरा कोणाला, आणि त्या माणसाला पंखा चालू करण्याचा किंवा कप्पा मोकळा करून सडका कांदा निवडून काढण्याचा अधिकार आहे का. अध्यक्षांना विचारल्याशिवाय कप्प्याला हात लावायचा नाही, असं असेल तर सेन्सरने रात्री २ वाजता कळवून काय उपयोग? मर्यादा सलग दोन तास ओलांडली तरच इशारा येऊ द्या, नाहीतर फोन रोज वाजतो आणि लोक आवाज बंद करून टाकतात. तीन तास आकडाच आला नाही, तर तोही इशारा धरा. बॅटरी किंवा नेटवर्क गेलेलं असतं आणि पडद्यावर कालचाच आकडा छान दिसत राहतो.

प्रत्येक सेन्सरला वेगळं सिम घेऊ नका. लोरा पद्धतीचे, म्हणजे सिमशिवाय रेडिओ लहरींवर आकडे पाठवणारे, सेन्सर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालतात, मोकळ्या रानात काही किलोमीटर पोचतात आणि वीज फार कमी खातात. सिम लागतं ते एका गेटवेला, म्हणजे सगळ्या सेन्सरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डबीला. त्याचा अँटेना मात्र पत्र्याच्या बाहेर काढा.

दर हंगामाआधी तपासणी घरच्या घरी होते. बरणीत मीठ घ्या, ते ओलं गच्च होईल पण विरघळून जाणार नाही इतकंच पाणी घाला, सेन्सर मिठाला न टेकता वर लटकवा आणि झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सेन्सरने ७५ टक्क्यांच्या जवळपास दाखवलं पाहिजे. ६८ किंवा ८२ दाखवत असेल तर तेवढा फरक नोंदवा किंवा सेन्सर बदला.

देपालपूरचे एक शेतकरी विचारतात : गव्हात ओलाव्याचा सेन्सर लावला. तो जमीन कोरडी सांगतो, खणून पाहिलं तर ओल आहे.

आपली माळव्याची काळी माती सुकताना आकसते. सेन्सरभोवती भेग पडली की तो माती सोडून हवा मोजतो. काढून पुन्हा बसवा. त्याच जागेच्या बारीक मातीचा चिखल करून भोकात ओता, त्यात सेन्सर दाबा, वरची माती घट्ट करा. एक १५ सेंटिमीटरवर, दुसरा ४५ वर. कंपनीने दिलेल्या टक्केवारीवर विसंबू नका. भरपूर पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी जो आकडा येईल ती तुमच्या रानाची ‘भरलेली’ खूण. त्यावरून खाली किती उतरल्यावर पाणी द्यायचं ते पहिल्या हंगामात खणून, हाताने बघूनच ठरेल. पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी गव्हाची मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी कायमची मुळं) फुटतात. ते पाणी सेन्सर काहीही म्हणो, चुकवू नका.

महूकडचा बटाटा उत्पादक गट विचारतो : कोल्ड स्टोरेजवाले ॲपचा फोटो पाठवतात, त्यात ३ अंश दिसतं. चिप्सचा माल आहे, ठीक आहे ना?

ठीक नाही, आजच बोला. २ ते ४ अंश बियाण्याला. चिप्सच्या बटाट्याला साधारण १० ते १२ अंश लागतात, सोबत कोंब रोखण्याची प्रक्रिया. जास्त थंडीत स्टार्चची साखर होते, चिप्स तळताना काळपट पडतात आणि कारखाना माल परत करतो. शिवाय फोटोतला आकडा बहुधा कूलरजवळच्या हवेचा असतो. पूर्ण महिन्याची नोंद फाइल म्हणून मागा आणि गटाचे स्वतःचे दोन नोंद ठेवणारे सेन्सर पोत्यांच्या आत ठेवा, एक सगळ्यात वरच्या थरात, एक तळाला. पुढच्या हंगामाच्या करारात तापमान पोत्यातलं मोजायचं, हवेचं नव्हे, एवढी ओळ घालून घ्या.