गोष्ट गायब, पडदा हिरवा: ‘ट्विस्टेड मेटल: ब्लॅक’बद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लंडनहून भावाने ‘ट्विस्टेड मेटल: ब्लॅक’ या गाड्यांच्या लढाईच्या व्हिडिओ गेमची जुनी डिस्क पाठवली. माझ्या प्लेस्टेशन २ वर ती चालते, पण गाडी निवडली की थेट लढाईच सुरू होते. पात्रांच्या कहाण्या कुठेच दिसत नाहीत. डिस्क खराब आहे का? (नाशिक)

उत्तर: डिस्क ठणठणीत आहे. जून २००१ मध्ये अमेरिकेत आलेल्या मूळ खेळात प्रत्येक पात्राच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या चित्रफिती आहेत. ब्लॅकफिल्ड मनोरुग्णालयात डांबलेल्यांना ही लढाईची स्पर्धा भरवणारा कॅलिप्सो बाहेर काढतो आणि जिंकणाऱ्याची एक इच्छा पुरी करण्याचं वचन देतो. पुढे त्या इच्छेचं जे काही होतं, तोच या खेळाचा गाभा. युरोपातल्या आवृत्तीतून या फिती कापल्या गेल्या. त्या डिस्कवर नाहीतच, त्यामुळे कुठल्याही कोडने त्या परत येत नाहीत.

अमेरिकी डिस्क मागवून प्रश्न सुटत नाही. ती एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीची, तुमचा प्लेस्टेशन पाल या युरोप-भारतातल्या पद्धतीचा, आणि न बदललेलं यंत्र परक्या विभागाची डिस्क घेत नाही. अमेरिकेतून फॅट (म्हणजे सुरुवातीचं, जाड) मॉडेल आणवायचं ठरवलंत तर आधी मागची पट्टी वाचा. तिच्यावर १२० व्होल्ट असेल आणि तुम्ही प्लग थेट घरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातलात, तर पॉवर सप्लाय गेलाच म्हणून समजा. २३० चे ११०-१२० करणारा, किमान १५० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. एवढा खटाटोप नको असेल तर डिसेंबर २०१५ मध्ये हा खेळ प्लेस्टेशन ४ साठी डाउनलोड स्वरूपात निघाला. अमेरिकी स्टोअरमधल्या आवृत्तीत कहाण्या आहेत.

प्रश्न: नव्या एलईडी टीव्हीवर चित्र फार धुरकट दिसायचं म्हणून कम्पोनंट केबल आणली. आता सगळं हिरवट दिसतं. शिवाय बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते. (कोल्हापूर)

उत्तर: दोन्ही दुखणी वेगळी आहेत. हिरवा पडदा म्हणजे यंत्र अजून आरजीबी (लाल-हिरवा-निळा) सिग्नल पाठवतंय. जुनी पिवळी केबल परत लावा, डिस्क न घालता यंत्र सुरू करा, ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘कम्पोनंट व्हिडिओ आउट’ शोधा आणि आरजीबीच्या जागी ‘वाय, सीबी, सीआर’चा पर्याय निवडा. यंत्र बंद करून मगच नवी केबल जोडा. दर वेळी सुरू करताना भाषा आणि वेळ नव्याने विचारली जात असेल, तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय आणि ही सेटिंगही पुसली जाणार. दुरुस्तीवाल्याकडून तो आधी बदलून घ्या.

उशीर टीव्हीमुळे होतो. प्लेस्टेशनचं चित्र आडव्या ओळी एकाआड एक पाठवणारं असतं, ते जोडून मोठं करायला टीव्ही वेळ घेतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावा, चित्र ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा. फरक पडेल, पण जुन्या डबा टीव्हीची सर येणार नाही.

प्रश्न: मिस्टर ग्रिम हे पात्र घेऊन खेळतो. दोन मिनिटांत खेळ खल्लास. काय चुकतं? (सोलापूर)

उत्तर: गाडीची निवड. ग्रिमची मोटरसायकल जबर मारते, पण तिचं चिलखत पापडासारखं आहे. नकाशे (लढाईची मैदानं) पाठ झालेल्यांनी घ्यायची ती गाडी. सुरुवातीला जॉन डो या पात्राची ‘रोडकिल’ गाडी घ्या: वेग, चिलखत, मारा सगळं मध्यम, त्यामुळे एखादी चूक पचते.

दुसरी गोष्ट क्षेपणास्त्रांची. होमिंग स्वतः पाठलाग करतं पण मारा हलका. पॉवर जोरदार, मात्र नाकासमोर सरळ जातं. नवखे खेळाडू लांबूनच पॉवर सोडतात आणि ती भिंतीवर फुटतात. लांबच्यासाठी होमिंग, पॉवर राखून ठेवा. मग शत्रूला गोठवा: दिशाबटणांवर डावं, उजवं, वर, झटपट एका दमात. मध्ये अंगठा रेंगाळला तर काहीच होत नाही. बर्फाचा गोळा सुटतो, लागला की समोरचा जागच्या जागी अडकतो. पुढच्या क्षणी जवळ जाऊन दोन-तीन पॉवर घाला. एकच उरलं असेल तर गोठवण्याची ऊर्जा वाया घालवू नका.

इथे एक मेख आहे. गाडी डाव्या स्टिकने चालवत असाल तर दिशाबटणांसाठी तोच अंगठा उचलावा लागतो आणि तेवढा वेळ गाडीला सुकाणू नसतं. म्हणून वळणावर कधीच नाही. सरळ रस्ता, शत्रू समोर, मग बटणं.

आणि थांबू नका. उभ्या गाडीवर चारी बाजूंनी मारा होतो. गाडीची ताकद भरून देणाऱ्या वस्तूंच्या दोन जागा लक्षात ठेवा, पण थोडंसं खरचटलं म्हणून त्या वस्तू उचलून संपवू नका. ‘सबर्ब्ज’ या नकाशात जत्रेचा पाळणा गोळ्यांनी सुटून गावात घरंगळतो. तो पाडायचा तर आधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.

प्रश्न: मुलगा तेरा वर्षांचा आहे. युरोपी डिस्कवर कहाण्या नाहीत, मग ती द्यायला हरकत नाही ना? (ठाणे)

उत्तर: आमच्या मते आहे. अमेरिकेत या खेळाला ‘मॅच्युअर’, म्हणजे १७ वर्षांवरील, असं मानांकन होतं. फिती गेल्या तरी खेळातली हाणामारी आणि त्याचा काळवंडलेला सूर तसाच राहतो.

प्रश्न: चौघांनी एका टीव्हीवर खेळायला काय लागतं? (पुणे)

उत्तर: मल्टिटॅप (एका खाचेला अनेक कंट्रोलर जोडू देणारा डबा) आणि चार कंट्रोलर. मल्टिटॅप घेताना यंत्र सोबत न्या. फॅट मॉडेलचा टॅप स्लिममध्ये (नंतरच्या, पातळ मॉडेलमध्ये) बसत नाही, कारण स्लिममध्ये कंट्रोलर आणि मेमरी कार्डच्या खाचांमधलं अंतर बदललंय. स्लिमसाठी वेगळा टॅप मिळतो. पडद्याचे चार तुकडे होतात, तेव्हा ३२ इंचाखालच्या टीव्हीवर होमिंग कुणावर सुटलं हेही नीट दिसत नाही. तेवढ्यावर दोघांचा जोडीने खेळायचा पर्याय जास्त सुखाचा.