वाचकांचे प्रश्न : आजोबांची नेमबाजीची रायफल

प्रश्न : निपाणीजवळच्या गावी आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवर, आजोबांच्या पेटाऱ्यात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेली एक रायफल सापडली. चापाखाली ओढायची दांडी आहे, बाजूला एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची खूण आहे, नळीवर मुकुट व अक्षरे आहेत आणि मागे बारीक छिद्राची लोखंडी चकती आहे. सोबत मुंबई सरकारचा शिक्का असलेला परवाना आहे. ही कोणती रायफल आणि ती पुन्हा नव्यासारखी कशी करावी?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कारखान्याची मार्टिनी पद्धतीची रायफल असावी. तीन बंदुकांची ती खूण त्याच कारखान्याची आहे. दांडी खाली ओढली की आतला ठोकळा मागच्या खिळीवर फिरून पुढच्या टोकाने खाली झुकतो आणि काडतूस त्याच्या पाठीवरील खाचेतून नळीत सरकते. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री याच तत्त्वावरची, पण मोठ्या काडतुसाची होती. नेमबाजीसाठी ही रचना लहान करून .२२ बोअरमध्ये (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीत) वापरली गेली. छिद्राची चकती हेही नेमबाजीच्या रायफलीचेच लक्षण आहे. मुकुटाखाली बी.व्ही., बी.पी., एन.पी. अशी सुटी अक्षरे असतील तर नळीची चाचणी बंदूक-चाचणीच्या १९०४ च्या ब्रिटिश नियमांनुसार झालेली आहे, बी.एन.पी. अशी एकत्र असतील तर ती १९५४ च्या नियमांनंतरची आहे.

मात्र भिंग हाती घेण्याआधी कागदपत्रांचे पाहावे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असल्याने तो शिक्का स्वाभाविक आहे, पण आजोबांच्या नावचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. शस्त्र जुने असले की परवाना लागत नाही, हा आपल्याकडे सर्रास आढळणारा समज चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ ची सूट, दुरुस्त करूनही जे चालू शकत नाही अशाच कालबाह्य किंवा पुरातन शस्त्राला मिळते, आणि .२२ ची काडतुसे तर आजही बनतात. म्हणून तो जुना परवाना घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात विनाविलंब माहिती द्यावी, कलम २१ प्रमाणे रायफल तेथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग वारस म्हणून आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. कोल्हापूर जवळ आहे म्हणून तेथील कारागिराकडे ती परस्पर नेऊ नये; परवाना महाराष्ट्रातही लागू असल्याशिवाय कर्नाटकाची हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरेल. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

परवाना मिळाल्यावर पहिले काम म्हणजे दांडी खाली करून नळीत काडतूस नसल्याची खात्री करणे. नव्यासारखी करण्याचा आग्रह मात्र सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पॉलिश कागदाने घासलेल्या नळीवरील मुकुट, अक्षरे आणि क्रमांक एकदा पुसट झाले की रायफलीची ओळखच जाते आणि संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमतही उतरते. वरवरचा गंज हलके तेल लावून, अत्यंत बारीक स्टील वूलने, खुणा टाळून हळुवार काढावा आणि जुना काळसर-तपकिरी रंग तसाच ठेवावा. जुन्या काडतुसांच्या स्फोटक टोपीतील क्षार नळीत राहून ओल धरतात, त्यामुळे आतून खड्डे पडलेले असू शकतात. मागे ठोकळ्याजवळ पांढरा कागद धरून तोंडाकडून उजेडात पाहिल्यास ते दिसतात. या रायफलीची नळी बहुधा तोंडाकडूनच साफ करावी लागते, आणि तेथील कडा गजाने झिजली तर नेम बिघडतो; म्हणून गज मध्यावर राखणारी पितळी टोपी वापरावी. चामड्याच्या पिशवीत ती पुन्हा ठेवू नये, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडे ओल धरते. अक्रोडाच्या दस्त्याला रंधा किंवा वॉर्निश नको. मळ पुसून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा.