अमेरिकेत आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स कसं काढायचं, रिन्यू कसं करायचं? (बीएस्सी नर्सिंग, महाराष्ट्र. राज्य कुठलं ते मिस्टरांच्या नोकरीवर ठरेल.)

"मिस्टरांच्या नोकरीवर ठरेल" हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

2019 ला आम्ही टेक्सासमध्ये होतो, माझं लायसन्स मल्टिस्टेट (कॉम्पॅक्ट म्हणजे आपसात करार केलेल्या सगळ्या राज्यांत चालणारं), आयसीयूत नाइट करायचे, मस्त चाललेलं. ह्यांना कॅलिफोर्नियात सॅन होजेची ऑफर आली. मी विचारलं माझ्या लायसन्सचं काय, तर म्हणे अगं तुझं कॉम्पॅक्ट आहे ना, सगळीकडे चालतं. मी पण नाइट करून आलेली, झोपेत हो म्हटलं. कॅलिफोर्निया कॉम्पॅक्टमध्ये नाहीच! तिथे एन्डोर्समेंटचा, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्याचं मिळवायचा, वेगळा अर्ज, आणि शिक्षण भारतातलं म्हटल्यावर एनक्लेक्स (लायसन्सची परीक्षा) कधीच पास झालेली असली तरी ट्रान्सक्रिप्ट परत लागतात, कुठल्या विषयाची थिअरी किती तास, क्लिनिकल पोस्टिंग किती, दोन्ही एकाच सुमारास झालं का, हे सगळं कॉलेजनेच भरून थेट राज्याच्या नर्सिंग बोर्डाला पाठवायचं. कॉलेज तिकडे गावाकडे. भावाने चार चकरा मारल्या, एकदा क्लार्क रजेवर, एकदा मॅडम इन्स्पेक्शनच्या गडबडीत, एकदा सही झाली तर शिक्का राहिला. सात महिने मी घरी बसून. वर हे म्हणतात "बरं झालं, तेवढाच आराम". आराम म्हणे.

तर तुमचं उत्तर. आधी राज्य ठरवा, कारण अर्ज राज्याच्या बोर्डाकडेच जातो. टेक्सासला शिक्षणाचं क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (आपलं शिक्षण तिथल्या तोडीचं आहे का याची तपासणी) लागतं आणि तिथल्या नर्सिंग कायद्याची एक वेगळी छोटी परीक्षा असते. एनक्लेक्स मात्र सगळीकडे तीच, 85 ते 150 प्रश्न, 5 तास, कुठल्याही राज्यातून पास झालात तरी पुन्हा द्यायची नाही. भारतात बसून मल्टिस्टेट मिळत नाही, त्यासाठी कॉम्पॅक्टमधल्या राज्यात खरंच राहायला लागतं. रिन्यूअल सोपं आहे हो, टेक्सासला 2 वर्षांत 20 तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन, कॅलिफोर्नियाला 2 वर्षांत 30. टेक्सासमध्ये मुदत वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटी संपते, त्यामुळे केक कापायच्या आधी रिन्यू करून टाकायचं.

आणि नवऱ्याच्या ऑफर लेटरवर सही व्हायच्या आधी त्या राज्याच्या बोर्डाची साइट स्वतः वाचा, त्यांना वाचायला सांगू नका. घरभाडं, शाळा सगळं बघतात ही माणसं, आपलं लायसन्स म्हणजे त्यांना ड्रायव्हिंग लायसन्ससारखंच वाटतं. ट्रान्सक्रिप्टचे तीन-चार सीलबंद सेट आत्ताच काढायला जाऊ नका, बोर्ड तुमच्या हातून घेत नाही. त्यापेक्षा कॉलेजच्या क्लार्कचा नंबर जपून ठेवा.

हां, व्हिसाचं प्रकरण वेगळं, नर्स म्हणून स्वतःचा व्हिसा काढायचा तर व्हिसास्क्रीन (शिक्षण-लायसन्स तपासल्याचं सर्टिफिकेट) लागतं, ते इथे लिहीत नाही. नियमही बदलत असतात. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मधेच लॅप्स होऊ देऊ नका, व्हेरिफिकेशन तिथूनच मागवतात.

ह्यांना आत्ता वाचून दाखवलं तर म्हणतात सात नाही, साडेपाच महिने होते. सातच होते, पगाराच्या स्लिपा आहेत माझ्याकडे.