मलमाचा पाया : मेण की मुठेल?

प्रश्न : तिळाचे तेल आणि मधमाशीचे मेण वितळवून घरी केलेले मलम उन्हाळ्यात पातळ होते. मेणाऐवजी कोकमाचे मुठेल (कोकमाच्या बियांपासून काढलेले घट्ट तेल) घालावे का?

उत्तर : मेण पूर्णपणे वगळू नये. ते सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर मुठेल ४० अंशांच्या आसपासच. त्यामुळे उन्हात टिकण्याचे बळ मेण देते आणि टाचांच्या भेगांवर चोळताच विरघळण्याचा, कोकणाला जुना परिचय असलेला गुण मुठेलाकडून येतो. वजनाने पाच भाग तेलाला एक भाग मेण घेऊन, त्यातील एक भाग तेलाच्या जागी मुठेल घालावे. मिश्रण सावकाश निवल्यास त्यात रवा धरतो (तुपात तो हवासा, मलमात नव्हे), म्हणून भांडे थंड पाण्यात ठेवून ढवळत राहावे. मात्र आत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये.