मेंदी कापायचं मशीन बंद पडलंय? विकू नको, आधी हे बघ

भावा, मेंदीचं कुंपण छाटायचं तुझं पेट्रोलचं मशीन विकून बॅटरीवालं घेऊ का, असं विचारतोस. चोक (इंजिनची हवा कमी करणारा खटका) लावला की चालू होतं आणि चोक काढला की बंद पडतं म्हणतोस, म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पोचतंय. बॅटरीवाल्या मशीनचा विचार नंतर. आधी स्पार्क प्लगची कॅप काढून ठेव, मगच हात घाल.

- टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाक. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात मशीन भरल्या टाकीनं ठेवलं की कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चिकटलाच म्हणून समज.
- टाकीच्या आतला फिल्टर तारेच्या आकड्यानं बाहेर ओढ. तपकिरी झाला असेल तर बदल. नळी दाबून बघ, कडक किंवा चिरलेली असेल तर तीही.
- प्लग काळा, ओला असेल तर पुसून गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेव.
- पेट्रोल-ऑइलचं नवं मिश्रण कर: ४०:१ असेल तर लिटरला २५ मिली टू-स्ट्रोक ऑइल. प्रमाण मशीनच्या पुस्तकातलंच घे. फोर-स्ट्रोकचं ऑइल चालत नाही.

नवखे सगळे कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. त्यांना हात लावू नको! एवढं करूनही तेच झालं तर कार्बोरेटर साफ करून आतला डायफ्राम (पातळ पडदा) बदलावा लागेल. पार्टच्या दुकानात मशीन घेऊनच जा, नुसतं नाव सांगून पार्ट जुळत नाही.

दारातली कोवळी मेंदी एवढंच काम असेल तर बॅटरीचं मशीन खुशाल घे. घेताना दात्यांमधलं अंतर बघ. अंगठ्याएवढ्या जुन्या फांद्यांना करवतच लागते.